'९६.७१ टक्के परत' म्हणजे नेमकं कुणाला परत?

भरतीओहोटी: "बिग बास बोनान्झा या ऑनलाइन स्लॉट गेमचा आरटीपी (लावलेल्या पैशांतले सरासरी किती टक्के परत येतात तो आकडा) ९६.७१ आहे, म्हणजे शंभर पौंडांतले शहाण्णव हातात राहतात. शिवाय दोनशे स्पिन कोरडे गेले की बोनस येतोच," असं काल कुणीतरी इथे ठोकून दिलं. अहो, ही टक्केवारी कोट्यवधी स्पिनांची आहे, तुमच्या एका संध्याकाळची नाही. जिंकलेले पैसे परत लावले की त्यावरही पुन्हा ३.२९ टक्के कापले जातात. आणि कोरडे दोनशे स्पिन त्या प्रोग्रामच्या लक्षात राहत नाहीत.

चौथा_वाइल्ड: ते ठीक, पण गेम समजून घ्या. खरा पैसा बोनसमध्ये, म्हणजे फ्री स्पिनमध्ये. तीन स्कॅटरला (बोनस सुरू करणाऱ्या चिन्हांना) १० स्पिन, चारला १५, पाचला २०. मासेमार वाइल्ड (इतर चिन्हांच्या जागी चालणारं चिन्ह) तिथेच उतरतो आणि माशांवरचे पैशांचे आकडे गोळा करतो. चौथ्या मासेमाराला आणखी १० स्पिन आणि माशांचे आकडे २ पट, आठव्याला ३ पट, बाराव्याला १० पट.

भरतीओहोटी: आणि मासे आले पण मासेमारच फिरकला नाही, तर आकडे नुसते बघत बसायचे! बारावा मासेमार किती वेळा दिसतो, तेही लिहा की. वर जिंकण्याची कमाल मर्यादा डावाच्या २,१०० पट. २० पेन्सच्या डावाला ४२० पौंड, बस्स.

ओला_काजू: पट कसले मोजताय, वेग मोजा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून ऑटोप्ले (आपोआप फिरणारे स्पिन) बंद, एका स्पिनला किमान अडीच सेकंद. तरी तासाला १,४४० स्पिन होतात. १ पौंडाचा डाव धरला तर सरासरी ४७ पौंड गेले.

चौथा_वाइल्ड: तासभर न थांबता बटण दाबणारा माणूस दाखवा आधी! निम्मे धरा.

ओला_काजू: धरले. चोवीस पौंड. झालं समाधान?

खारं_पाणी: जिंकण्याच्या दहा ओळींचा गेम आहे, एखादीच ओळ लागली की डावापेक्षा कमी मिळू शकतं. १ पौंड लावून ३० पेन्स आले, तर ७० गेले. अशा 'जिंकण्या'वर गाणं वाजवायला ब्रिटनमध्ये बंदी आहे, परवाना नसलेल्या साइटी मात्र खुशाल वाजवतात. आणि ९६.७१ सगळीकडे नसतो, याच गेमच्या कमी आरटीपीच्या आवृत्त्याही आहेत. आधी गेममधलं माहितीचं पान उघडा.

चौथा_वाइल्ड: हे मात्र बरोबर. आता पुण्यातल्या भावाला लिंक पाठवायची की नाही, तेही सांगून टाका.

खारं_पाणी: नको. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तिथे पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्ही गुन्हा.

चौथा_वाइल्ड: बरं, गुरुजी. दोनशे स्पिनांचं वाक्य माझंच होतं, काढतो.