‘चायनाटाउन’ : खून सोडा, फेरफार बघा

सेक्रेटरी, ए-१०१ : शनिवारी हॉलमध्ये दाखवलेल्या ‘चायनाटाउन’ (१९७४) सिनेमाची चर्चा कृपया इथेच करा. मेन ग्रुपवर फक्त पाणी, लिफ्ट आणि पार्किंग. ज्यांचा बघायचा राहिलाय त्यांनी इथे डोकावू नका, सगळं फुटणार आहे.

कर्णिक काका, सी-३०४ : स्पष्टच बोलतो. फार संथ. सव्वादोन तास बसायचं आणि शेवटी काय, तर बाई मेली, म्हातारा नातीला घेऊन मोकळा आणि पोलीस डिटेक्टिव्हला म्हणतात घरी जा. नाव ‘चायनाटाउन’, आणि तो भाग दिसतो फक्त शेवटची पाच-सात मिनिटं. खुनाच्या सिनेमात खुनी पकडला जायला नको?

केतकी, बी-५०२ : काका, खुनाचा सिनेमा म्हणून बघितलात तर संथच वाटणार. तो जमिनीच्या व्यवहाराचा सिनेमा आहे, खून त्या व्यवहारात अधेमधे होतात. १९३७चं लॉस एंजेलिस, दुष्काळ, नवं धरण बांधायला कर्जरोखे काढायचा घाट. पाणीखात्याचा मुख्य इंजिनियर मलरे भर सभेत सांगतो की मी हे धरण बांधणार नाही, आधीचं एक फुटलं आणि शेकडो माणसं गेली. पुढचं सगळं या एका नकारामुळे घडतं. सभेत शेतकरी मेंढ्या घुसवतो त्या गडबडीत निम्म्या हॉलने हे वाक्य ऐकलंच नाही.

कर्णिक काका, सी-३०४ : मेंढ्या आठवतात 😄

प्रथमेश, डी-२०३ : ऐकू न येण्याला साउंडबारही कारणीभूत होता. मूळ सिनेमा मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये. सराउंड चालू ठेवलं की संवाद पसरतात आणि पुटपुटल्यासारखे येतात. पुढच्या वेळी सराउंड बंद आणि ‘डायलॉग’ किंवा ‘व्हॉइस’ मोड चालू. शिवाय कोणीतरी मध्येच रिमोट घेऊन चित्र ‘झूम’ केलं. वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणून केलं असेल, पण चित्र मुळातच पॅनाव्हिजनचं, म्हणजे रुंद पडद्याचं, २.३५:१चं आहे. १६:९च्या प्रोजेक्टरवर पट्ट्या येणारच. त्या घालवायला झूम केलं की डावी-उजवीकडची जवळजवळ पाव फ्रेम कापली जाते, आणि या सिनेमात बऱ्याच गोष्टी कडेला आहेत. दोघं बोलत असतात आणि कोपऱ्यात तिसरा उभा असतो. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) हेही बंद ठेवा, नाहीतर ७४चा सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

जयश्री काकू, ए-४०३ : माझा वेगळा मुद्दा. शेवटच्या अर्ध्या तासात बाप-लेकीबद्दल जे बाहेर येतं, ते बघायला पाचवी-सहावीची मुलं पुढे सतरंजीवर बसलेली. नोटिशीवर लिहायला नको होतं का?

सेक्रेटरी, ए-१०१ : काकू, बरोबर आहे. पुढच्या नोटिशीत वय घालतो.

केतकी, बी-५०२ : काकूंशी सहमत. अमेरिकेतही त्याला ‘आर’ सर्टिफिकेट होतं, म्हणजे लहान मुलांनी एकट्याने बघायचा नाही. पण तो भाग सनसनाटीसाठी घुसडलेला नाही. ज्या माणसाने शहराचं पाणी आपलं मानलं त्यानेच मुलीलाही आपली मालमत्ता मानलं. दोन गुन्हे, एकच हात. म्हणून त्याची मुलगी एव्हलिन, म्हणजे मलरेची बायको, नवऱ्याच्या खुनाबद्दल खरं बोलत नाही. डिटेक्टिव्हला वाटतं ती खुनी आहे म्हणून लपवतेय, आणि तिथेच तो चुकतो.

नम्रता, बी-१०४ : दिग्दर्शकाबद्दल कोणीच बोलत नाहीये. पोलान्स्कीने १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंधाचा गुन्हा कबूल केला आणि १९७८ मध्ये शिक्षा सुनावण्याआधी अमेरिका सोडून पळाला. हे माहीत असताना तो बाप-लेकीचा प्रसंग निवांत बसून बघवत नाही.

जयश्री काकू, ए-४०३ : अगं खरंच? मग तर बोलायलाच हवं.

केतकी, बी-५०२ : नम्रता, मान्य. पटकथा मात्र रॉबर्ट टाउनची, आणि सिनेमाच्या ११ ऑस्कर नामांकनांपैकी एकुलतं एक मिळालं ते त्याच पटकथेला. शेवटावरून दोघांचं भांडण होतं. टाउनला एव्हलिन वाचायला हवी होती, पोलान्स्कीने ऐकलं नाही. कर्णिक काका, तुमचा राग टाउनलाही आला होता!

कर्णिक काका, सी-३०४ : म्हणजे लेखक माझ्या बाजूने. लिहून ठेवा.

अ‍ॅड. वैद्य, सी-६०१ : मला सगळ्यात आवडलं ते रेकॉर्ड ऑफिस. डिटेक्टिव्ह गिटिस शहराजवळच्या व्हॅलीतल्या जमिनींचं पुस्तक मागतो. बघतो तर पानापानावर नव्या मालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. इतकी विक्री इतक्या थोड्या दिवसांत! कारकून तुसडा, नक्कल देणार नाही हे उघड आहे. मग हा त्याच्याकडेच फूटपट्टी मागतो, ओळीखाली धरतो आणि खोकल्याच्या आवाजात पानाचा तुकडा फाडतो.

आपल्याकडे हेच कसं काढाल? सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना ६ मधली नोंद काढायची. कोणाकडून कोणाकडे, खरेदी की वारस की बक्षीसपत्र, नोंद कधी मंजूर झाली, सगळं तिथे मिळतं. मुंबईत सातबाऱ्याऐवजी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, आणि जोडीला निबंधकांकडची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची. मालकीचा शोध (सर्च) ३० वर्षांचा करतात. एकाच पट्ट्यात थोड्या आठवड्यांत ओळीने खरेदीच्या नोंदी दिसल्या, तर तिथे काहीतरी येणार हे कोणाला तरी आधी कळलेलं असतं. रस्ता, मेट्रो, आरक्षण उठणं, किंवा सिनेमातल्यासारखं पाणी.

आणि पान फाडू नका. फाडलेला तुकडा कोर्टात काही सिद्ध करत नाही, उलट तुमच्यावरच केस होते. प्रमाणित नक्कल घ्या.

कर्णिक काका, सी-३०४ : ते वृद्धाश्रमाचं मला कळलं नाही. म्हातारे कसे मालक?

अ‍ॅड. वैद्य, सी-६०१ : जमीन घेतली दुसऱ्याने, नावावर या म्हाताऱ्यांच्या, आणि त्यांनाच पत्ता नाही. यादीतला एक माणूस दोन आठवड्यांपूर्वी वारलेला आणि जमीन त्याने घेतली एक आठवड्यापूर्वी. गिटिस श्रद्धांजलीची बातमी आणि मालकांची यादी शेजारी ठेवतो तेव्हा उलगडतं. पुढे आश्रमाच्या भिंतीवरचा रहिवाशांचा तक्ता आणि ही यादी, नावं तीच.

आपल्या बेनामी कायद्यात हे शब्दशः आहे. १९८८च्या कायद्याला २०१६ मध्ये दात आले. आता ज्याच्या नावावर मालमत्ता आहे त्याला तिची माहितीच नसेल किंवा तो ती नाकारत असेल, तर तोही व्यवहार बेनामी. शिक्षा १ ते ७ वर्षं सक्तमजुरी, वर बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड.

प्रथमेश, डी-२०३ : साने काका, तुम्ही पाणीखात्यातले. सिनेमात दाखवलंय तसं रात्री पाणी सोडून दुष्काळ आणता येतो का खरंच? 😀

साने काका, डी-५०१ : आणता येतो, पण लपवणं अवघड. हिशेब बघ. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. रात्रीचे ८ तास सोडलं तर ८ लाख लिटर, दहा हजारी टँकर ८० भरतील. शहराच्या मानाने हे काहीच नाही. टंचाई जाणवायला शेकडो क्युसेक, आठवडेच्या आठवडे सोडायला हवं. इतकं पाणी कोरड्या नदीत दिसतंच. म्हणून तो घोड्यावरचा पोरगा सांगतो की पाणी रोज वेगळ्या ठिकाणी येतं. जागा बदलत राहायची, म्हणजे कोणा एकाला सलग दिसत नाही. आणि विचारलंच तर साहेबाकडे उत्तर तयार, संत्र्यांच्या बागांसाठी थोडं सोडतोय. व्हॅलीत बागवाले भेटतात ते तर उलटंच सांगतात, खात्याची माणसं आमच्या टाक्या उडवतात आणि विहिरीत विष टाकतात.

पण धरणाची पातळी खोटं बोलत नाही. आधीचा साठा अधिक आवक, वजा पुरवठा, वजा बाष्पीभवन, उरेल ती शिल्लक. पट्टीवरची पातळी त्याहून खाली असेल तर पाणी कुठेतरी जातंय. मग कागद सोडून सांडपाण्याच्या मुखाशी रात्री बसावंच लागतं. मलरे किनाऱ्यावर अंधारात ताटकळत बसतो तो वेडेपणा नाही. हिशेबात फरक आलेला इंजिनियर तेच करेल.

केतकी, बी-५०२ : काका, मूळ इतिहासही सांगा ना.

साने काका, डी-५०१ : सिनेमाने काळ पुढे ओढलाय. खरी गोष्ट १९०५ ते १९२८ची. शहराच्या माणसांनी ओवेन्स व्हॅलीतल्या जमिनी आणि पाण्याचे हक्क गुपचूप घेतले. विल्यम मलहॉलंड या मुख्य इंजिनियरने २३३ मैलांचा, म्हणजे ३७५ किलोमीटरचा जलमार्ग बांधला, ५ नोव्हेंबर १९१३ला पाणी आलं. सगळं उतारावर, एकही पंप नाही. आपलं तानसाचं पाणी असंच उतारावर येतं, भातसाचं मात्र पिसेला उपसावं लागतं.

आता मेख. पाणी आधी सान फर्नांडो व्हॅलीत पोचतं, आणि तिथल्या जमिनी शहरातल्या बड्या मंडळींच्या गटाने घेऊन ठेवलेल्या. १९१५ मध्ये ती व्हॅली शहरातच सामील केली. पाणी शहराकडे न्यायचं की शहराची हद्द पाण्यापर्यंत ओढायची, एवढाच प्रश्न होता. तिकडे ओवेन्स खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९२४ मध्ये जलमार्गाला सुरुंग लावले. १२ मार्च १९२८च्या मध्यरात्रीच्या सुमारास सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, चारशेहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी मलहॉलंड स्वतः गळती बघून ‘ठीक आहे’ म्हणून परत गेला होता. चौकशीत त्याने दोष स्वतःवर घेतला.

सिनेमातलं जुनं फुटलेलं धरण म्हणजे हेच. फरक एवढाच, सिनेमाने मलहॉलंडमधला भला माणूस वेगळा काढून त्याला मलरे केलं आणि उरलेली हाव एव्हलिनच्या बापाला, नोआ क्रॉसला दिली. मला हे थोडं सोयीचं वाटलं. खऱ्या गोष्टीत भला आणि हावरा असे दोन कप्पे नव्हते.

नम्रता, बी-१०४ : डॉक्टर ताई, मलरेच्या फुप्फुसात खारं पाणी होतं हे १९३७ मध्ये कळलं असतं का?

डॉ. पाटणकर, ए-६०२ : कळलं असतं. मुळात का टिकतं ते सांगते. जिवंत माणूस बुडताना श्वासाबरोबर पाणी खोल जातं. गोडं असेल तर पटकन रक्तात शोषलं जातं, खारं असेल तर उलट अंगातलं पाणी फुप्फुसात खेचून आणतं. मलरे घरच्या खाऱ्या तळ्यात बुडाला आणि नंतर गोड्या पाण्याच्या जलाशयात टाकला. मेलेला माणूस श्वास घेत नाही, त्यामुळे नंतरचं पाणी खोल जात नाही, आधीचं खारं तसंच राहतं.

तेव्हा हृदयाच्या दोन बाजूंच्या रक्तातलं क्लोराइड तोलायची गेटलरची चाचणी होती, १९२१ची. पुढे ती भरवशाची नाही हे कळलं. आता डायटमची तपासणी करतात, पाण्यातले सूक्ष्म शैवाल हाडाच्या मगजात सापडतात का आणि त्याच पाण्याशी जुळतात का ते बघतात. त्यावरही वाद आहेतच.

आणि माळी कुरकुरतो ना, खाऱ्या पाण्याने हिरवळ जळते म्हणून, तो पहिल्यांदा येतो तेव्हाच उत्तर समोर ठेवलेलं आहे. गिटिसला ते दुसऱ्या वेळी कळतं.

प्रथमेश, डी-२०३ : गिटिस टायरखाली घड्याळ ठेवतो ते भारी होतं. स्वस्तातली खिशातली घड्याळं गाडीतच ठेवलेली, एक चाकाखाली सरकवायचं, सकाळी फुटलेलं उचलायचं. गाडी किती वाजता हलली कळलं, रात्रभर जागायला नको. पाठलाग करायचा तर पुढच्या गाडीच्या एका टेललाइटची काच फोडायची, रात्री एक लाल दिवा आणि एक पांढरा, लांबूनही ओळखू येतो. आता सीसीटीव्ही आणि जीपीएसमुळे ही मजाच गेली.

केतकी, बी-५०२ : आणि एक. कॅमेरा गिटिसला सोडून कुठेही जात नाही. तो नाही असा एकही प्रसंग नाही. त्याला मारून बेशुद्ध करतात तेव्हा पडदाही काळा होतो. म्हणून काका, तुम्हाला जो गोंधळ वाटला तो त्याचाच आहे. संगीतही ऐका : एकटा ट्रम्पेट, चार पियानो, चार हार्प, बाकी तंतुवाद्यं आणि थोडी तालवाद्यं. आधीचं संगीत टाकून जेरी गोल्डस्मिथने हे दहा दिवसांत केलं.

शेवटाबद्दल : १९३७च्या सुमाराच्या खऱ्या हॉलिवूडमध्ये असा शेवट करताच आला नसता. १९३४पासून तिथे सिनेमात काय दाखवायचं याची नियमावली काटेकोर पाळली जायची, गुन्हेगाराला शिक्षा दाखवायलाच हवी. १९६८ला ती गेली. हा सिनेमा कपडे-गाड्या तीसच्या दशकातल्या घालतो पण बोलतो १९७४चं. जूनमध्ये लागला, ऑगस्टमध्ये वॉटरगेट घोटाळ्यावरून अध्यक्ष निक्सनने राजीनामा दिला.

कर्णिक काका, सी-३०४ : हे सगळं पटलं. पण हिरो शेवटी गाढवपणा करतो त्याचं काय? तळ्यात सापडलेला चष्मा म्हाताऱ्याचा आहे हे कळलं, तर हा त्यालाच एकट्याला बोलावून चष्मा दाखवतो!

केतकी, बी-५०२ : गाढवपणाच, पण त्याच्या स्वभावातला. आधी पोलिसात होता, सूट शिवलेला, लोकांच्या नवरा-बायकोची लफडी काढून वर आलेला. त्याला वाटतं समोरच्याला जाब विचारला की काम झालं. दिवसभर नाकावर पट्टी बांधून फिरतोय, तरी आपल्याला काही होणार नाही असंच वाटतं. बाय द वे, ते नाक कापणारा बुटका गुंड म्हणजे स्वतः पोलान्स्की.

अ‍ॅड. वैद्य, सी-६०१ : वकील म्हणून हळहळलो. तो चष्मा माळ्याच्या हातून तळ्यातून निघतो, तोच साक्षीदार. तिथेच पोलिसांना बोलावून दोन पंचांसमोर जप्त करायचा, सीलबंद करायचा, चष्म्याचा नंबर लिहून ठेवायचा. मलरे बायफोकल वापरत नव्हता हे त्याच्या बायकोच्या तोंडून आलंय, तिचा जबाब आधी नोंदवायचा, कारण तीच एकटी ते सांगू शकते. मग क्रॉसच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर मिळवायचा. गिटिसने यातलं काहीच केलं नाही. चष्मा खिशात, साक्षीदार एव्हलिन गाडीत बसून पळणार, आणि संशयिताच्या माणसाकडे पिस्तूल. चष्मा काढून घेतला तेव्हाच केस संपली.

कर्णिक काका, सी-३०४ : आणि समजा चष्मा राहिला असता?

अ‍ॅड. वैद्य, सी-६०१ : खून कदाचित सिद्ध झाला असता. जमिनी तरी त्याच्याच राहिल्या असत्या. एकाही कागदावर क्रॉसचं नाव नाही.