मदत हवी आहे: तापमान आणि वीजवापराच्या स्कॅटर प्लॉटमध्ये दोन पट्टे का दिसताहेत?

नमस्कार मंडळी,

नागपुरात माझी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे. खालच्या हॉलमध्ये कूलर, वरच्या खोलीत एसी. एसी फक्त मुलांनी सांगितलं तरच लावतो. रात्री कुलूप लावताना मीटरचं रीडिंग, त्या दिवसाचं कमाल तापमान आणि आलेल्या मुलांची संख्या वहीत लिहून ठेवतो. गेल्या वर्षभराची वही एक्सेलमध्ये उतरवून आरस्टुडिओत (आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेचं सॉफ्टवेअर) घेतली आहे.

खालीही एसी बसवावेत का, हे ठरवायचंय. तो खर्च शेवटी फीमध्येच येणार, आणि माझ्याकडची बरीच मुलं गडचिरोली-भंडाऱ्याकडून येऊन इथे खोली करून राहतात. त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे, म्हणून नुसत्या अंदाजावर जायचं नाही.

आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दिवसाचे युनिट घेऊन जीजीप्लॉटमध्ये (आरमधलं आलेख काढायचं पॅकेज) ठिपके काढले. ऊन वाढेल तसे युनिट वाढतील असं वाटलं होतं. पण दिसतात दोन पट्टे. एक डावीकडून उजवीकडे हळूहळू चढतो, नवतप्याचे (मेअखेरच्या कडक उन्हाचे) दिवस त्याच्या टोकाला. दुसरा ३० ते ३५ अंशांच्या मध्येच, पण पहिल्याच्या बराच वर. जिऑम स्मूथ (ठिपक्यांचा कल दाखवणारी रेषा) लावलं तर रेषा मध्येच फुगते, मग खाली येते, पुन्हा चढते. सहसंबंध गुणांक (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते सांगणारा आकडा) अगदी किरकोळ येतो. नोंदींत गडबड आहे की माझ्या वाचनात?

प्रतिसाद १

दादा, नोंदी ठीक वाटतात. वरचा पट्टा पावसाळ्याचा असणार. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तरी हवा कोरडी असते, त्यामुळे ताट्यांतून गार वारा येतो, आणि वीज लागते ती पंख्याला नि छोट्या पंपाला. जुलैत ३२ अंशच असतात, पण हवाच दमट. कूलर लावला की वह्यांची पानंसुद्धा ओलसर. मग सगळी मुलं वर एसीत जाऊन बसतात. महिन्याप्रमाणे ठिपके रंगवून बघा. महिना आकड्यात असेल तर आधी फॅक्टर (आकडा नव्हे, वेगवेगळे गट) करून घ्या, नाहीतर एकाच रंगाच्या छटा येतील आणि काही कळणार नाही.

प्रतिसाद २

रेषेबद्दल: हजारपेक्षा कमी ठिपके असले की जिऑम स्मूथ आपणहून लोएस वक्र काढतं. ते आजूबाजूच्या ठिपक्यांकडे बघत वळतं, म्हणून दोन्ही पट्ट्यांच्या मधून वाट काढतंय. मेथडमध्ये एलएम (सरळ रेषा) द्या, पण दोन्ही ऋतूंसाठी वेगवेगळी रेषा काढा. गुणांकाचा विचार तूर्त सोडा, तो फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ मध्ये ११-११ ठिपक्यांचे चार संच दिले होते. चारही संचांचा गुणांक जवळपास ०.८२, आणि चित्रं चार तऱ्हेची. आरमध्ये ते आधीपासूनच आहेत, काढून बघाच.

प्रतिसाद ३

तापमान पूर्ण अंशात लिहिलं असेल तर ठिपके उभ्या रांगांत एकावर एक बसतात. जिटर (ठिपके जरा इकडेतिकडे सरकवणं) वापरा, पण हाइट (वर-खाली सरकणं) शून्य ठेवा, म्हणजे युनिट हलणार नाहीत. अल्फाही (ठिपक्यांचा गडदपणा) कमी करा, गर्दी कुठे आहे ते कळेल. आणि आर्द्रतेचा रकाना जोडाच. हवामान खात्याच्या नोंदीत सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३०ची सापेक्ष आर्द्रता असते, तुम्हाला संध्याकाळची कामाची.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रंग दिले, वरच्या पट्ट्यात जूनअखेर ते सप्टेंबर सोडून जवळपास काहीच नाही. म्हणजे उन्हाळ्यासाठी खाली एसी लावायची गरज नाही, प्रश्न पावसाळ्याच्या तीन महिन्यांचा आहे. आता आर्द्रता आडव्या अक्षावर घेतोय. पण परीक्षेच्या आधी मुलं दुपटीने येतात, तेव्हाचे युनिट वाढलेलेच असणार. ते कसं वेगळं काढू?

प्रतिसाद २

उभ्या अक्षावर दर मुलामागे युनिट घेऊ नका. पाच मुलं असोत की पन्नास, एसी चालतोच, त्यामुळे कमी हजेरीचे दिवस उगाच उधळे दिसतील. हजेरीचे कमी, मध्यम, जास्त असे तीन गट करा आणि फॅसेट रॅपने तीन चित्रं शेजारी ठेवा. तिन्हींत चढ सारखाच दिसला तर तो दमटपणाचा. चित्रं इथे टाका, बघू.