मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लान्टनंतर भावाला इन्फेक्शनपासून कसं जपायचं?

जुळे_सोलापूर: भावाचं ट्रान्सप्लान्ट झालंय, आईने किडनी दिली. आता कॉलेज सुरू होतंय. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, टाकीतलंच प्यायचं. फिल्टर पुरेल का? मित्र गड्ड्याच्या जत्रेला चल म्हणून मागे लागलेत. लवकर सांगा, घरात रोज वाद होतायत.

एक_बाप: वय किती? किती महिने झाले? गोळ्या कोणत्या?

पेठेतला: गुळवेलीचा काढा द्या. माझ्या काकूंची प्रतिकारशक्ती जबरदस्त वाढली.

नर्स_होटगी_रोड: अजिबात देऊ नका! याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, नाहीतर शरीर नवी किडनी नाकारतं. काकूंचं ट्रान्सप्लान्ट झालं होतं का?

पेठेतला: नाही, पण आयुर्वेदाला नावं ठेवू नका.

उजनीकाठ: धरण भरलं तरी शहराला रोज पाणी नाही, यावर कुणी बोलत नाही.

जुळे_सोलापूर: वय १७, सहावा महिना. प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. सेप्ट्रान होती, बरं वाटतंय म्हणून त्याने सोडली.

नर्स_होटगी_रोड: हे आधी सांगायचं ना ओ! सेप्ट्रान न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियापासून वाचवते, सहसा सहा महिने ते वर्षभर देतात. आजच ट्रान्सप्लान्टच्या डॉक्टरांना विचारा. पाणी खळखळ उकळून, झाकून ठेवा. कळशीत हात बुडवू नका, ओगराळं वापरा. उसाचा रस, बर्फाचा गोळा बंद. गड्ड्याची धूळ-गर्दी यंदा नको. ताप १००.४ झाला की घरी वाट बघायची नाही. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिकही नको; क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची पातळी चढते, किडनीला मार बसतो.

एक_बाप: लसींचंही विचारा. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी. गोवर-कांजिण्यांच्या जिवंत लसी त्याला चालत नाहीत. आणि या वयात पोरं गोळ्या लपवतात. माझ्या मुलाला वर्गात डबी काढायची लाज वाटायची. रागावून उपयोग झाला नाही, त्याच्या जिवलग मित्राला विश्वासात घेतलं. आता तोच वेळेवर आठवण करतो.

मदतनीस: महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लान्ट बसतं, कागदपत्रं लागली तर सांगा.

जुळे_सोलापूर: ऑपरेशन झालंय ओ, खर्चाचं विचारलं नाही. डॉक्टरांशी बोलले, उद्या रक्त तपासायला बोलावलंय. दोन दिवस लघवीला जळजळतंय, हे तो आत्ता सांगतोय.

नर्स_होटगी_रोड: मग लगेच परत फोन लावा आणि हे सांगा. ताप बघितला का?

जुळे_सोलापूर: १००.८. निघतोय.