रक्त गेल्यावर येणाऱ्या 'शॉक'ला मराठीत काय म्हणावं?

बालाघाट: ऊसतोड कामगारांसाठी प्रथमोपचाराची पुस्तिका मराठीत करतोय. कोयता नडगीवर बसला, रक्त भळाभळा गेलं की माणूस 'शॉक'मध्ये जातो. मसुद्यात 'धक्का' आहे. फडावर वाचून दाखवलं तर मुकादम म्हणाले, "धक्का घरच्यांला बसंल, ह्याला तर कोयता बसलाय." दुसरा शब्द सुचवा.

गोदाकाठ: 'अवसान गळणे' आहे की! आमच्या परभणीकडं सर्रास म्हणतात. हे अवसान उर्दूतलं 'औसान', निजामाच्या राज्यात आपल्याकडं मुरलेलं.

जुना_मास्तर: अवसान पुण्याकडंही म्हणतात, तिथं कुठला निजाम? संस्कृतात 'अवसान' म्हणजे शेवट. आणि सगळ्यांनी 'रक्तस्राव' लिहा, 'रक्तस्त्राव' नको. धातू 'स्रु' आहे, त्यात त नाही.

नांदेडचा_डॉक्टर: दादा, 'अवसान' नको. ते मनाचं झालं. शॉक म्हणजे पेशींना पुरेसं रक्त न पोचणं. आणि रक्त जायला लागलं की शरीर आधी अवसान गाळत नाही, कंबर कसतं. मानेतल्या धमन्यांना दाब उतरल्याचं कळतं, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनालिन हे संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) सोडते, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून हातपाय गार आणि दरदरून घाम. मूत्रपिंडातून रेनिन नावाचं द्रव्य सुटतं, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं. माणूस 'पाणी पाणी' करतो त्यात याचा हात असतो. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ धरून ठेवतं, व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पाणी. लघवी कमी होते. साधारण 5 लिटरांतलं पाऊण लिटर गेलं तरी बीपी बहुतेकदा टिकून असतो. 'बीपी चांगलाय' म्हणून दवाखान्यात न्यायची गाडी थांबवू नका, हे पुस्तिकेत ठळक लिहा.

बालाघाट: सर, ही सगळी 'संप्रेरकं' फडावर कशी सांगू?

गोदाकाठ: हार्मोन म्हणा. औषधाच्या दुकानात पोरंसोरं तेच म्हणतात.

जुना_मास्तर: का म्हणून? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'चेतवणं'. 1905 साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञानं तो शरीरशास्त्रात आणला. 'संप्रेरक'मध्ये तोच अर्थ उघड दिसतो. चांगला शब्द वापरलाच नाही तर रुळणार कसा?

आशाताई_हिंगोली: मास्तर, रुळेपर्यंत बाई दगावते. आमच्याकडं कुणी रक्तस्राव म्हणत नाही, 'अंगावरून लई गेलं' म्हणतात. एका बाळंतिणीचं तसंच झालं, दूध उतरलंच नाही. सासरचे 'दृष्ट लागली' म्हणत बसले.

नांदेडचा_डॉक्टर: ताई, त्या बाळंतिणीला तपासायला पाठवा. गरोदरपणी मेंदूखालची पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी मोठी होते. बाळंतपणात रक्त फार गेलं तर तिचा पुरवठा तुटून ती मरू शकते. मग दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा वर्षानुवर्षं राहतो. शीहान या इंग्रज डॉक्टरनं 1937 साली हे मांडलं. गोळ्यांनी उणीव भरून काढता येते.

जुना_मास्तर: पाहा! 'पीयूष' म्हणजे नुसतं अमृत नव्हे, व्यालेल्या गाईचं पहिलं दूधही. इंग्रजी नावाच्या मुळाशी शेंबूड आहे, आपल्या नावात दूध आहे.

गोदाकाठ: पहिलं दूध म्हणजे खरवस ना?

आशाताई_हिंगोली: कच्चा तो चीक, शिजवला की खरवस.

जुना_मास्तर: तरी मला पीयूषिकेसाठीचा जुना 'पोष ग्रंथी' हा शब्दच बरा वाटतो. म्हणायला सोपा.

गोदाकाठ: मग त्यातलं दूध कुठं गेलं, मास्तर?