मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यासाठी स्टीलचे ऑटोमॅटिक घड्याळ : सल्ला हवा आहे

नमस्कार. माझे थोरले बंधू कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत सरफेस ग्राइंडरवर (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर) काम करतात. त्यांच्यासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे, स्टीलच्या पट्ट्याचे ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, घड्याळ घ्यायचे आहे. पाठीमागच्या काचेतून रोटर (हालचालीने फिरून चावी भरणारे वजन) फिरताना दिसावा ही त्यांची फार जुनी हौस असल्यामुळे सेलवर चालणाऱ्या घड्याळाचा विचार केलेला नाही.

खरी काळजी चुंबकाची आहे. मॅग्नेटिक चकवर, म्हणजे घासायचा धातूचा तुकडा चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटावर, जॉब लावताना आणि काढताना त्यांचे मनगट चकच्या अगदी जवळ जाते. घड्याळाची गती सांभाळणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतेच पुढे धावू लागते. आयएसओ ७६४ या मानकात चुंबकरोधक घड्याळाची चाचणी ४,८०० अँपिअर प्रति मीटर इतक्या चुंबकीय क्षेत्रात होते; चकच्या पृष्ठभागाशी त्याहून कितीतरी अधिक क्षेत्र असते. त्यामुळे शिफ्टमध्ये घड्याळ लॉकरमध्ये ठेवायचे, हे आम्ही ठरवलेलेच आहे.

पण मग ते मनगटावर राहणार फक्त सकाळी-संध्याकाळी, आणि सुट्टीच्या दिवशी बंधू बहुतेक झोपूनच असतात. तेवढ्या हालचालीत घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग पुरेशी भरेल असे मला वाटत नाही. म्हणून चावी हाताने देता येणे ही माझी पहिली अट आहे. जुन्या सेको ५ मधील ७एस२६ यंत्रणेत ती सोय नाही, तेव्हा ती घड्याळे कितीही आवडली तरी बाद. सेको ५ स्पोर्ट्समधील ४आर३६ मध्ये चावी देता येते, वेळ लावताना सेकंद काटाही थांबतो, शिवाय घड्याळ १०० मीटरपर्यंत जलरोधक आहे, जे आपल्याकडच्या पावसात उपयोगाचे. मात्र किंमत बजेटच्या वर जाते. सिटिझनची ८२०० यंत्रणा आणि इतर अनेक ब्रँड वापरतात ती एनएच३५, या दोन्हींतही चावी देता येते. एनएच३५ पूर्ण भरल्यावर सुमारे ४१ तास चालते. सध्या माझा कल याच दोघींकडे आहे.

या दोन्हींपैकी एखादे घड्याळ रोज काही तासच वापरणाऱ्यांनी, वेळ किती पुढे-मागे होते आणि चावी किती वेळा द्यावी लागते, ते कृपया सांगावे. मनगट बारीक असल्याने ४० मिलिमीटरपेक्षा मोठी डायल नको. आणि कोल्हापुरात, महाद्वार रोड किंवा राजारामपुरी परिसरात, ऑटोमॅटिकचे सर्व्हिसिंग करणारे आणि घड्याळातील चुंबकत्व काढण्याचे यंत्र बाळगणारे कारागीर कोठे बसतात, हेही कळवावे. खरेदी त्यानंतरच करणार आहे.