डिस्टिलरीतला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा, की त्याचं इंधन करायचं?

कागलचा_केमिकलवाला
आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले साखर कारखाने मळी आणि उसाचा रस आंबवून इथेनॉल करतात. त्यात लिटरमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवण्याच्या टाकीतून बाहेर पडतो. सोड्याला, ड्राय आइसला जातो तो वगळता बाकीचा वाया. बॉयलरच्या धुरातून हा वायू वेगळा काढायचा तर अमाइनचा (वायू शोषून घेणाऱ्या रसायनाचा) खर्चिक प्लांट लागतो, आणि हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. फर्मेंटरमधला मात्र जवळपास शुद्ध असतो, पाण्याने धुतला की वापरायला तयार. शिवाय हा कार्बन उसानेच हवेतून घेतलेला.

त्याला सौर विजेवर पाण्यातून काढलेला हायड्रोजन जोडला की मिथेनॉल होतं आणि मिथेनॉलपासून पुढे पेट्रोल, विमानाचं इंधन. आइसलंडमध्ये २०१२ लाच कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल झालं. चिलीत पुंता अरेनासजवळ वाऱ्याच्या विजेवर २०२२ च्या डिसेंबरात पेट्रोल निघालं. माझं ठाम मत आहे की असा पहिला प्लांट लावण्याजोगा जिल्हा आपला आहे. आज लिटरला केवढं पडतं एवढ्यावर हा विषय मोडीत काढू नका.

शिरोली_फौंड्री
दादा, दरावर नको तर युनिटवर बोलू. दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉल करणारी डिस्टिलरी धरा. वायू निघाला ४५ टन. तो सगळा मिथेनॉलमध्ये बांधायला सहा टनांवर हायड्रोजन लागतो. किलोमागे ५२ युनिट धरली तरी रोजची ३ लाख २० हजार युनिट झाली. हातात येतं ४१ हजार लिटर मिथेनॉल, म्हणजे ताकदीने २० हजार लिटर पेट्रोल.

तीच वीज इलेक्ट्रिक गाड्यांत भरली तर युनिटला सहा किलोमीटरने १९ लाख किलोमीटर होतात. पेट्रोल जाळून साडेतीन लाखांच्या पुढे फारसं जाणार नाही. आमच्या इंडक्शन भट्टीला टनामागे सहाशेच्या आसपास युनिट लागतात, तेव्हा एवढ्या विजेत पाचशे टन लोखंड वितळेल. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत विजेच्या बिलानं माणसं मेटाकुटीला आलीत. अशा ठिकाणी पाचातली चार युनिटं घालवणारा उद्योग आणायचा? मला हे पटत नाही, आणि पटणारही नाही.

उजळाईवाडी_९८
गाडीचा मुद्दा मान्य. बस, रिक्षा, दुचाकी विजेवरच जावी. पण कोल्हापूरहून मुंबईला विमान बॅटरीवर नेणार का? जहाजाचं काय? युरोपने २०३० पासून विमान इंधनात कृत्रिम इंधनाचा वाटा ठरवून दिलाय, आणि २०५० साठी तो ३५ टक्के आहे. आपल्या सरकारचंही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०३० ला ५ टक्के शाश्वत इंधनाचं लक्ष्य आहे. तेव्हा तुलना मोटारीशी नको, खनिज तेलाशी करा.

शिरोली_फौंड्री
विमानासाठी करायचंय तर करा, पण मग इथेनॉलपासूनच थेट विमान इंधन करता येतं. त्याला एवढा हायड्रोजन लागत नाही. आणि ही ३ लाख २० हजार युनिटं येणार कुठून, ते अजून कुणी सांगितलं नाही.

राधानगरीकर
तोच माझा प्रश्न. सौरवर करायचं म्हटलं तर ६५ मेगावॉटच्या आसपास पॅनल लागतील. मेगावॉटला चार-पाच एकर म्हणजे पावणेतीनशे एकर. पंचगंगेकाठची बागायत जमीन कोण देणार? डोंगरउतारावर टाकलं तर पावसाळ्याचे चार महिने ढग. आमच्याकडं शेतीपंपाला अजून रात्रीची वीज मिळते, माणूस सापा-किरडाच्या भीतीत पाणी पाजायला जातो. आधी ते दिवसाचं करा. सौरचं पहिलं युनिट शेतकऱ्याच्या पंपाला.

कागलचा_केमिकलवाला
राधानगरीकर, पंप आधी, हे मलाही मान्य आहे. जमीन इथलीच हवी असं मात्र नाही. वीज तारेवरून येते, सोलापूरकडे माळरान पडलंय.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती कुणी काढली नाही म्हणून मीच मांडतो. सौर वीज अडीच रुपये युनिटने मिळाली तर एक लिटर पेट्रोलच्या ताकदीएवढ्या मिथेनॉलमागे विजेचे ४० रुपये होतात. ते परवडेलसं वाटतं. पण निव्वळ सूर्यावर चालवलं तर पाण्यातून हायड्रोजन काढणारा कोट्यवधींचा इलेक्ट्रोलायझर दिवसातले पाच-सहा तास चालतो, बाकी वेळ नुसता उभा. आणि मिथेनॉलचा रिॲक्टर रोज चालू-बंद करून चालत नाही. म्हणून मधे हायड्रोजनचा साठा हवा, नाहीतर रात्री वाऱ्याची वीज. भांडवल अडतं ते इथं. सरकारचं अनुदान वीजदरावर नको, या यंत्रावर हवं.

करवीर_ताई
असा प्लांट पाणी फार पिईल अशी भीती कुणाला वाटेल, पण ती आकड्यात बसत नाही. हायड्रोजनच्या किलोला नऊ लिटर शुद्ध पाणी, म्हणजे दिवसाला ५५ हजार लिटर. डिस्टिलरी स्वतः याहून कितीतरी जास्त पिते. कूलिंगचं पाणी वेगळं मोजावं लागेल. मला जास्त काळजी कारखान्याला ऊस घालणाऱ्या सभासदाची आहे. हा वायू आमच्या उसाचा. उद्या कुणी कंपनीनं तो पाइपने नेला, तर त्याचा दर उसाच्या बिलात दिसणार का? त्याचा करार प्लांटच्या आधी सभेत वाचून दाखवावा.

शिरोली_फौंड्री
ताईंचं रास्त आहे. माझं म्हणणं तरी एकच राहतं: लहान प्रयोग एका डिस्टिलरीवर करा, दिवसाला पाच टन वायूचा. मध्य प्रदेशातल्या विंध्याचलच्या वीज केंद्रात एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने दिवसाला १० टन मिथेनॉलचा केलाय, तेवढाही नको. पण वीज नव्या पॅनलची असू द्या. जिल्ह्याच्या ग्रिडमधून ओढली तर भट्टीवाले आम्ही सगळे विरोधाला उभे राहू.