मायट्रलची मेटल झडप: आयएनआर २.८ वरून ४.६, डोस कमी करायचा का?

प्रश्न (सांजवात):
आई, वय ५८. हृदयात मायट्रलची (डाव्या कप्प्यांमधली) मेटल झडप बसवून ४ महिने झाले. रोज सकाळी ८ ला रक्त पातळ ठेवणारी ॲसिट्रॉम २ मिग्रॅ. आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा; जास्त म्हणजे जास्त पातळ) २.८ असायचा, काल ४.६ आला. डोस तोच, पालेभाज्या पूर्ण बंद. मधे जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल ५ दिवस घेतलं, परवा संपलं. रक्त कुठूनही येत नाही. डोस कायमचा कमी करावा का? सारखी तपासणी लागत नाही त्या नव्या गोळ्या चालतील का?

टिकटिक:
चोर मेट्रोनिडॅझोल आहे. ॲसिट्रॉमचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम ते अडवतं, वर जुलाबात खाणंही कमी झालेलं. आजच सर्जनच्या ओपीडीत फोन करून आकडा सांगा. रक्तस्राव नसेल तर सहसा एखादा डोस गाळून एक-दोन दिवसांत पुन्हा तपासायला सांगतात. ॲसिट्रॉमचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के चं इंजेक्शन आपणहून मागू नका. आयएनआर धाडकन पडला तर झडपेवरच गुठळी धरते.

कायमचा डोस मात्र घाईने कमी करू नका. मेट्रोनिडॅझोलचा असर ओसरला की आकडा आपोआप उतरतो. तेव्हा डोसही कापलेला असेल तर २.५ च्या खाली जाल, आणि मायट्रलला २.५ ते ३.५ हवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासा, त्याच लॅबमध्ये. बदल लागलाच तर डॉक्टर आठवड्याच्या बेरजेवर करतात: कमी करायचा तर १४ चे १३ मिग्रॅ म्हणजे एकच दिवस १, बाकी दिवस २.

पातळधार:
नव्या गोळ्या मेटल झडपेला नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानची री-अलाइन नावाची चाचणी अर्ध्यावर थांबवली, २०१३ मध्ये निष्कर्ष आले: गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त. एपिक्साबॅन या दुसऱ्या नव्या गोळीचीही २०२२ मध्ये थांबली, तीही एऑर्टिक (हृदयातल्या दुसऱ्या) झडपेवरची, जिथे धोका मायट्रलपेक्षा कमी. नवी गोळी रक्त गोठवणारा एकच घटक रोखते, ॲसिट्रॉम चार घटकांची निर्मिती कमी करते. (आणि ‘मेटल’ म्हणतात खरं, पण पाती पायरोलिटिक कार्बनची असतात.)

पालेभाजी बंद करणं मला पटत नाही. पालेभाजीतून मिळणाऱ्या व्हिटॅमिन के चा साठा आटला की एका पालकाच्या भाजीनेही आकडा डोलतो. आठवड्यातून दोन-तीनदा वाटीभर, नेमाने.

सांजवात:
रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, तोवर गोळी पोटात गेलेली असते.

टिकटिक:
म्हणूनच बरेच जण संध्याकाळी ६-७ ला घेतात. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून. एका दिवशी दोन डोस होता कामा नयेत. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही.

पातळधार:
अजून एक. अंग दुखलं की गल्लीतला डॉक्टर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक कमरेत टोचतो. ते नको: स्नायूत रक्त साकळतं, पोटातही रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल, पण रोज २ ग्रॅमच्या वर चार-पाच दिवस गेलं तर त्यानेही आयएनआर चढतो. झडपेची टिकटिक मंद झाली, धाप लागली, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला मार बसला, तर रिपोर्टची वाट न बघता इमर्जन्सी गाठा.